बिनपरवान्याचं गाऱ्हाणं

शनिवारी कचेरी अर्ध्या दिवसाने सुटली आणि गुरुदास घरी आला, तेव्हा माजघरात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा त्याची वाट बघत होता. डब्यावर राणीचं चित्र होतं आणि राणीच्या नाकावर गंज चढला होता.

"पिएदादबाय देवन गेली," सुभद्रा म्हणाली. पिएदाद ही वाडीतली ख्रिस्ती मासेवाली, आणि गोव्यात राहून आलेला तिचा नवरा वारला होता. "घोवाची ट्रंक उपसताना गावला म्हणाली. तुमच्या टेबलाचा काम आसा, म्हणान तुमकाच द्या म्हणाली."

"काय आसा तेच्यात?"

"माका काय म्हाइत? मी उघडूक नाय," सुभद्रा म्हणाली, आणि लगेच पुढे म्हणाली, "वायच तेल लावक व्हया तेका. घोडो घट्ट झालोहा."

गुरुदासने झाकण काढलं. आत क्रुसाखालच्या आल्तारवरच्या जुन्या पांढऱ्या कापडात एक पिस्तूल नीट गुंडाळून ठेवलेलं होतं. लहानसं, काळं, तळहातात मावेल एवढं. त्याने झाकण परत लावलं आणि तो जमिनीवर बसला.

कुणाच्याही घरी असा डबा आला तर तो घाबरेलच. पण गुरुदासची गोष्ट निराळी होती. तालुक्याच्या कचेरीत बंदुकांच्या परवान्यांचं टेबल चोवीस वर्षं त्याच्याकडे होतं. परवान्यावर सही मामलेदारांची असे, पण सहीपर्यंत कागद पोचायचा तो गुरुदासच्या टेबलावरून, आणि गुरुदासच्या टेबलावरून कागद सहसा पोचत नसे. रानडुकरं भातात शिरतात म्हणून ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागायला शेतकरी यायचे. गुरुदास अर्ज हातात घेऊन खालपासून वरपर्यंत वाचायचा आणि शांतपणे परत द्यायचा. तो लाच खात नव्हता, कुणाला वेडंवाकडं बोलत नव्हता. त्याला फक्त अर्ज पुरा लागायचा, आणि पुरा अर्ज म्हणजे काय हे सबंध तालुक्यात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

त्याच्या शेजारच्या धोंडूचा अर्ज तीन वर्षांत तीनदा परत गेला होता. पहिल्यांदा डाव्याच्या जागी उजव्या अंगठ्याचा ठसा होता. दुसऱ्यांदा शेताच्या पूर्वेची सीमा लिहिलेली नव्हती. तिसऱ्यांदा सगळं होतं, पण 'उपद्रव देणाऱ्या जनावरांची अंदाजे संख्या' हा रकाना कोरा होता. "तेंका वळीन उभी करून मोजू काय, भाऊसायब?" धोंडूने विचारलं होतं. "अंदाजे लिहिलेलं आहे तिथे. मोजायला कोण सांगतंय?" असं गुरुदासने कचेरीतल्या शुद्ध मराठीत उत्तर दिलं होतं. त्या वर्षी डुकरांनी धोंडूची रताळी आणि निम्मं भात खाल्लं. उरलेल्या रताळ्यांतली पायलीभर धोंडूने शेजारधर्माने सुभद्राला आणून दिली, आणि ती सुभद्राच्या घशाखाली उतरली नाहीत.

"खंय गेली ती पिएदाद?" गुरुदासने विचारलं.

"ममयक. भावाकडे. आजच्या बोटीन गेली. नाताळाक येतली."

"नाताळ! तोपर्यंत ह्या घरात ठेवचा?"

"मगे? व्हयनात घालून कुटू काय?"

गुरुदासने डोकं धरलं. कायदा त्याला पाठ होता आणि आता तोच त्याला चावत होता. परवान्याशिवाय हत्यार घरात बाळगणं हा गुन्हा. ते घेऊन रस्त्याने चालणं हा दुसरा. ते दुसऱ्याच्या हातात देणं हा तिसरा. आणि सरकारी माणसाच्या नजरेस पडू नये अशा बेताने ते लपवलं, तर सगळ्यांत मोठी सजा. म्हणजे पिस्तूल उघड हातात धरून गेलं तर तुरुंग, आणि लपवून नेलं तर जास्त दिवसांचा तुरुंग. बरं, सरकारी माणसापासून लपवायचं म्हटलं तर तो स्वतःच सरकारी माणूस होता. त्याच्या नजरेस तर ते पडलंच होतं.

त्यात आणखी एक भानगड होती. येत्या सोमवारपासून, एक ऑक्टोबर एकोणीसशे बासष्टपासून, हत्यारांचा नवा कायदा अमलात येणार होता. परिपत्रक गुरुदासने स्वतःच कचेरीच्या फळ्यावर लावलं होतं. रविवारी सापडलो तर जुन्या कायद्याने आणि सोमवारी सापडलो तर नव्याने, यात कुठला दिवस बरा, याचा त्याने थोडा वेळ मनात हिशोब केला. हिशोब जमेना.

"दर्यात टाका," सुभद्रा म्हणाली. "भरती इली काय गेला."

"पुरावो नष्ट केलो म्हणतले."

"कोण म्हणतलो? मासे?"

"सुभद्रा, पेन्सनीक सहा वर्सां आसत," गुरुदास काकुळतीने म्हणाला. "आणि उद्या पिएदाद नाताळाक येवन विचारीत, माझ्या घोवाचा पिस्तूल खंय, तर काय सांगू? ह्या काय कोयतो न्हय. सोमवारी सरळ फौजदाराच्या टेबलार नेवन ठेवतंय. तेवडोच एक रस्तो आसा."

रस्ता सरळ होता, पण तो आठ मैलांचा होता. एवढी वाट पिस्तूल न्यायचं कसं, हा प्रश्न सुभद्राने सोडवला. तिने कोनाड्यातून सुक्या बांगड्यांची पिशवी काढली. निम्मे बांगडे बाहेर काढून पिस्तूल तळाशी ठेवलं आणि बांगडे परत वर रचले. घरभर असा वास सुटला की गुरुदासने टोपीने नाक दाबलं.

"नवरात्रात बांगडे?" तो म्हणाला.

"नवरात्र आसा म्हणानच! नवरात्रात सोमवारी सुक्या बांगड्यांच्या पिशयेत कोण हात घालतलो? घालीत तर भ्रष्ट होयत. विचारल्यानी तर सांगा, पिएदादबायचे आसत, बाजारात पोचवचे आसत."

चोवीस वर्षांत बायकोची एवढी अक्कल गुरुदासने मान्य केली नव्हती. त्या दिवशी केली. पण सुभद्राची अट होती. वाटेवर सातेरीचं देऊळ लागतं, तिथे गाऱ्हाणं घातल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही.

"मोघम घालूक सांगतंय," गुरुदास म्हणाला.

"काय ता घाला. पण घाला," सुभद्रा म्हणाली, आणि का कोण जाणे, तिने तोंड फिरवलं.

सोमवारी सकाळी देवळासमोर चाळीस-पन्नास माणसं होती. नवरात्रात रोज सकाळी गाऱ्हाणी व्हायची. ज्याची अडचण त्याने बाबली गावकाराच्या, म्हणजे देवळाच्या मानकऱ्याच्या, कानात सांगायची. बाबलीने ती देवीला मोठ्याने सांगायची, आणि जमलेल्या सगळ्यांनी प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणून आपला दुजोरा द्यायचा. एकट्याचं मागणं देवी ऐको न ऐको, गावाचं मागणं तिला टाळता येत नाही, अशी समजूत होती. बाबली सत्तरीचा होता, पण त्याचा आवाज खाडीपलीकडे जायचा.

बाबलीने गुरुदासला पायरीवरच थांबवलं. "पिशयेत काय?"

"सुके बांगडे. पिएदादबायचे."

"नवरात्रात? देवीच्या दारात? भायर ठेव मेल्या!"

पिशवी बाहेर ठेवायची म्हणजे पिंपळाच्या पारावर, आणि तिथे तीन कुत्री बसलेली होती. गुरुदास पिशवी छातीशी धरून उभाच राहिला. तेवढ्यात धोंडू पुढे आला. त्या गर्दीत धोंडू असावा याचं गुरुदासला नवल वाटलं नाही. ज्याचं शेत डुकरं खातात तो देवळात जाणारच.

"माझ्याकडे द्येवा, भाऊसायब. मी धरतंय," धोंडू म्हणाला. "मी आत येणंय नाय. माझा काम आदीच झालाहा."

नाही म्हणायला कारण सुचेना. पिशवी धोंडूच्या हातात गेली. 'हस्तांतर,' गुरुदासच्या मनात आलं. 'गुन्हा तिसरा.' धोंडूने पिशवी हातात तोलली आणि बांगड्यांकडे एकदा विचारपूर्वक पाहिलं.

गुरुदास बाबलीच्या कानाशी लागला. "देवीक इतक्याच सांग, लेकरू अडचणीत आसा, सांभाळून घे."

बाबली मागे सरला. "अडचण कसली? पोटाची काय कोर्टाची?"

"अशीच. आसा एक."

"गुरुदासा, देवी काय तुझ्या कचेरीतलो पट्टेवालो आसा, मोघम सांगितला तर ऐकून घेवक? माझ्या चुलतभावाचो अर्ज तू परत धाडलंस. कित्या? तर तपशील नाय. मग देवीक तपशील नको? तिका कळाक नको काय सांभाळूचा आणि कोणापासून सांभाळूचा?"

गुरुदासने डावीउजवीकडे पाहिलं आणि सगळा तपशील बाबलीच्या कानात ओतला. डबा, पिएदाद, बांगडे, फौजदार, पेन्शन. बाबली मान हलवत गेला. अर्ज पुरा झाल्याचं समाधान त्याच्या तोंडावर दिसत होतं. असं समाधान स्वतः गुरुदासने कुणाला कधी दिलं नव्हतं.

बाबलीने नारळ हातात घेतला, घसा खाकरला, आणि नेमकी त्याच वेळी फौजदारांची जीप पाराशी येऊन थांबली.

फौजदार जगदाळे चार महिन्यांपूर्वी कऱ्हाडकडून बदलून आले होते. इथला भात, इथला घाम आणि इथली मासळी यांतलं काहीच त्यांना मानवलं नव्हतं. सातेरीच्या गाऱ्हाण्याने बदल्या होतात असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं, म्हणून ते आले होते. (त्यांची बदली दिवाळीनंतर खरोखरच झाली, ती वेंगुर्ल्याला. आपल्या गाऱ्हाण्यात त्यांनी गावाचं नाव सांगितलं नव्हतं.) त्यांनी पायरीखाली बूट काढले, टोपी काखेत धरली आणि हात जोडून ते बरोब्बर गुरुदासच्या शेजारी उभे राहिले.

गुरुदासने बाबलीचा पंचा मागून ओढला. पण सुरू झालेलं गाऱ्हाणं मध्ये तोडायचं नसतं. तोडलं तर देवी रागावते, आणि देवीच्या आधी बाबली रागावतो.

"बा देवी सातेरी माये! गावऱ्हाटीच्या धनयानू! आज हो तुझो लेकरू गुरुदास, कचेरीतलो बंदुकीच्या परवान्याचो कारकून, तुझ्या पायरीर हात जोडून उभो आसा रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"तेचो एक कवडीचो गुन्हो नसताना तेच्या घराक एक पिस्तूल इला! गोंयचा! पिएदादबायच्या मेल्ल्या घोवाचा! बिनपरवान्याचा!"

इथे लोक क्षणभर थांबले. गुरुदासकडे पन्नास माणसांनी एकदम पाहिलं. त्यांतल्या निदान वीसजणांचे अर्ज त्याच्या टेबलावरून परत गेलेले होते. मग पन्नासही तोंडांतून एकदम, आणि मघापेक्षा पुष्कळ मनापासून, आवाज उठला.

"होय म्हाराजा!"

"ता सुक्या बांगड्यांत घालून तो तालुक्याक न्हेता! वाटेत पोलीस आडवो इलो तर तेच्या डोळ्यांर झापड घाल! फौजदार मधी इलो तर तेची मती गुंगव! लेकराची नोकरी राख, पेन्सन राख, आणि तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" या वेळी सगळ्यांत मोठा आवाज फौजदारांचा होता. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले होते. मालवणी बोलणं घाटावरच्या माणसाला आधीच निम्मं कळतं. बाबलीचं गाऱ्हाणं एका दमात सुरात जायचं, त्यातलं तर पावही कळत नव्हतं. पण परक्या गावच्या देवीसमोर आपण कमी पडू नये एवढं फौजदारांना कळत होतं.

बाबलीने नारळ ठेवला. गुरुदासच्या सदऱ्याची पाठ भिजली होती.

"काय हो," फौजदार त्याच्याकडे वळले, "झकास म्हटलं बगा म्हाताऱ्यानं. पण सगळं काय कळलं न्हाई. मला एकच शब्द नीट आयकू आला. पिस्तूल. काय भानगड हाय?"

गुरुदासने तोंड उघडलं. देवीच्या पायरीवर खोटं बोलायची हिंमत त्याच्यात नव्हती आणि खरं बोलायची तर अजिबातच नव्हती. आवारात इतकी शांतता झाली की पारावरचं कुत्रं खाजवताना ऐकू आलं. जो तो फौजदारांकडे बघत होता. एका वाक्यात कुणीही चोवीस वर्षांचा हिशोब चुकता करू शकला असता.

"साहेब, मी सांगतो," मागून धोंडू पुढे आला. पिशवी त्याच्या काखेत होती. फौजदार बोलायला लागले की धोंडूही शक्य तेवढं कचेरीतलं मराठी बोलायचा. "गाऱ्हाणा माझ्या शेताचा होता. डुकरांनी भात खाल्लान. माझ्याकडे बंदूक नाय, पिस्तूल नाय, दांडो सोडून काय एक नाय. तर भाऊसाहेबांनी देवीसमोर शब्द दिला, की धोंडूचा परवाना ह्या आठवड्यात मामलेदारांच्या सहीला पाठवतो म्हणून."

"असं?" फौजदारांनी गुरुदासकडे कौतुकाने पाहिलं. "देवीम्होरं शब्द! कचेरीतला मानूस असा आमी पयल्यांदाच बगितला. खरं का हो?"

गुरुदासने धोंडूकडे पाहिलं. धोंडूने काखेतली पिशवी थोडी सावरली.

"होय म्हाराजा," गुरुदास म्हणाला. दुसरं काही तोंडात आलंच नाही.

फौजदारांचं गाऱ्हाणं लगोलग झालं आणि त्याला गुरुदासने जीव लावून दुजोरा दिला. त्या क्षणी फौजदारांची बदली व्हावी असं त्याच्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं. आता ते जातील आणि आपण मागून चालत जाऊ, असा त्याचा बेत होता.

"कचेरीतच निघाला ना?" फौजदार बूट चढवत म्हणाले. "मग चालता कशाला? जीप हाय की. बसा."

"नको, साहेब, माझ्याकडे बांगडे आहेत. वास..."

"मागं बसा बांगडे घिऊन. देवीला शब्द दिलेल्या मानसाला आमी आठ मैल चालवनार न्हाई."

धोंडूने पिशवी गुरुदासच्या मांडीवर ठेवली. "जपून, भाऊसायब," तो हळूच म्हणाला. "बांगडे जड आसत."

अशा रीतीने बिनपरवान्याचं, लपवलेलं, हस्तांतर झालेलं पिस्तूल सरकारी जीपमधून, फौजदारांच्या पाठीमागे दीड हातावरून तालुक्याकडे निघालं. फौजदारांनी रुमाल नाकाला लावला होता. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात गुरुदासला पिस्तुलाचा घोडा आठवत होता. त्यात गोळी आहे की नाही हे बघायचं आपण विसरलो, हे पाचव्या खड्ड्यात त्याच्या लक्षात आलं. त्यानंतर त्याने पिशवी मांडीवरून काढून बाजूच्या बाकावर ठेवली आणि तिचं तोंड समुद्राकडे केलं.

सहाव्या मैलाला जीप तापली. वहाळावर थांबून ड्रायव्हर साल्वादोर रेडिएटरात पाणी घालायला उतरला. फौजदार रुमाल सोडून श्वास घ्यायला लांब पुलापर्यंत गेले. पाणी घालून साल्वादोर मागच्या बाजूला आला आणि त्याने नाक वर करून वास घेतला. फौजदारांना ज्याने मळमळत होतं त्याच वासाने साल्वादोरचा चेहरा उजळला.

"बांगडे! खंयचे ओ?"

"पिएदादबायचे," गुरुदास म्हणाला.

"माझ्या मावशीचे? मगे माका सांगूक नको काय?" असं म्हणत साल्वादोरने मनगटापर्यंत हात पिशवीत घातला.

सुभद्राच्या बेतात चूक काहीच नव्हती. नवरात्रात सोमवारी बांगड्यांच्या पिशवीत हात घालणारा माणूस गावात मिळणार नाही, हे तिने बरोबर ओळखलं होतं. फक्त साल्वादोर नवरात्र पाळत नाही, एवढं तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

साल्वादोर तळापर्यंत गेला. वरचे बांगडे लहान असतात आणि मोठे खाली असतात हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. हात बाहेर आला तेव्हा त्यात एक मोठा बांगडा होता आणि बांगड्याच्या शेपटीला लागून पिस्तूल होतं. फौजदार नेमके तेवढ्यात परत आले.

वहाळाचं पाणी तेवढं वाहत होतं.

"हे काय?" अखेर फौजदारांनी विचारलं.

गुरुदास जीपमधून उतरला. आता सगळं संपलं होतं आणि संपल्यामुळेच त्याचं डोकं दोन दिवसांत पहिल्यांदा नीट चालायला लागलं. चोवीस वर्षं कलमं वाचलेली होती, ती एका रांगेत उभी राहिली.

"साहेब," तो शुद्ध मराठीत म्हणाला, "हे पिस्तूल मी आपल्याच टेबलावर जमा करायला आणत होतो. ते मी लपवलेलं नाही."

"बांगड्याखाली हुतं! आनि लपवलं न्हाई?"

"लपवणं म्हणजे सरकारी माणसाला कळू नये असा बेत करणं. मी ते पन्नास लोकांसमोर जाहीर केलं. पिस्तूल कुणाचं, कुठून आलं, कशात घातलंय, कुठे नेतोय, सगळं. आपण स्वतः हजर होता. नुसते हजर नव्हता, आपण प्रत्येक वाक्याला दुजोरा दिलात."

"मी?"

"तुमीच, साहेब," साल्वादोर म्हणाला. तो पाराशी जीपला टेकून सगळं ऐकत होता, आणि लहानपणापासून शेजारच्या देवळातली गाऱ्हाणी ऐकून त्याला ती पाठ होती. तेव्हा मात्र ते पिस्तूल आपल्या मावशीच्या घरातलं आहे हे ऐकून त्याने गप्प राहणं पसंत केलं होतं, आणि वहाळावर बांगड्यांच्या वासापुढे ते त्याच्या ध्यानातूनच गेलं होतं. त्याने आता सगळं गाऱ्हाणं फौजदारांना सावकाश, एकेक शब्द करून समजावून दिलं. "आणि फौजदाराची मती गुंगव म्हटल्यान, तेव्हा तर तुमी दोनय हात वर केलात."

फौजदार जीपच्या पायरीवर बसले. त्यांना राग आला होता, पण तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. खटला भरायचा तर जबानीत पहिला साक्षीदार म्हणून स्वतःचंच नाव लिहावं लागत होतं.

"आणखी एक आसा, साहेब," साल्वादोर पडेल आवाजात म्हणाला. "पयलो होय म्हाराजा तुमी मोडलात, तर तुमच्या बदलीचो दुसरो होय म्हाराजा देवी कसो पाळतली? एकाच पायरीर, एकाच नारळान झाले दोनय."

फौजदार बराच वेळ वहाळाकडे बघत राहिले. त्यांना कऱ्हाड दिसत असावं, ज्वारीची भाकरी दिसत असावी. मग त्यांनी उठून पिस्तूल रुमालात घेतलं, ते उघडून आत गोळी नाही याची खात्री केली आणि गुरुदासकडे वळले.

"लिवा," ते म्हणाले. "तुमीच लिवा, तुमाला येतंय. बेवारस मालमत्तेत सापडलेलं हत्यार, सार्वजनिक ठिकानी उघड माहिती दिऊन, स्वखुशीनं जमा. आनि हे बांगडे साल्वादोरला द्या. माझ्या जीपमंदी आता एक मिनिट नको."

ठाण्यात तासाभरात कागद झाला, पोच मिळाली, आणि संध्याकाळी गुरुदास सुखरूप घरी आला. बाबलीने देवीजवळ जे जे मागितलं होतं ते सगळं अक्षरशः झालं होतं. नोकरी राहिली होती, पेन्शन राहिलं होतं, पोलिसाच्या डोळ्यांवर झापड पडली होती आणि फौजदाराची मती गुंगली होती. तपशील दिल्याचा हा फायदा.

मंगळवारी सकाळी कचेरी उघडायच्या आधी धोंडू चौथा अर्ज घेऊन दारात बसला होता. गुरुदासने अर्ज घेतला आणि सवयीने खालपासून वरपर्यंत वाचला. अंगठा डावा होता. पूर्वेची सीमा होती. जनावरांच्या संख्येचा रकाना याही वेळी कोरा होता.

गुरुदासने टाक दौतीत बुडवला आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'सतरा.'

"सतरा कोणी मोजली, भाऊसायब?"

"अंदाजे लिहिलेलं आहे तिथे," गुरुदास म्हणाला. कागद त्याने मामलेदारांच्या सहीच्या गठ्ठ्यात अगदी वर ठेवला. मग त्याला राहवेना, आणि त्या टेबलामागे बसून चोवीस वर्षांत पहिल्यांदा तो मालवणीत बोलला. "धोंडू, काल तू माका वाचवलंस. तुका एका शब्दात माका बुडवता इला असता. वर माझ्यासाठी देवीच्या पायरीर खोटा बोललंस. माका बरा वाटला, पण जीवाक लागला."

"खोटा खंय बोललंय?" धोंडू चकित होऊन म्हणाला. "देवीच्या पायरीर मी खोटा बोलान?"

"मगे? गाऱ्हाणा माझ्या पिस्तुलाचा होता. तू फौजदाराक सांगलंस, तुझ्या परवान्याचा म्हणान."

धोंडू थोडा घुटमळला. त्याने टोपी काढली आणि परत घातली.

"आता काम झाला, म्हणान सांगतंय. रागावा नको. घटस्थापनेक, शनवारी सकाळीच, बाबलीन माझा गाऱ्हाणा घातलेल्यान. तुमी कचेरीत होतात. बा देवी सातेरी, आमच्या भाऊसायबाक एकदा तरी बिनपरवान्याच्या हत्याराचो घोर लागांदे, म्हणजे तेका आमचा कळात. आणि तेच्या हातान माझो परवानो होवंदे. सकाळी गाऱ्हाणा घातला आणि दुपारी डबो इलो. तेव्हा कालचा गाऱ्हाणा तुमचा कसला? ता माझ्याच गाऱ्हाण्याचा शेपूट होता."

गुरुदासला राग यायला हवा होता, पण येत नव्हता. शनिवारच्या दुपारपासून सोमवारच्या वहाळापर्यंत जो घोर लागला होता तो त्याला आठवत होता, आणि धोंडूला तो तीन वर्षं होता, हेही त्याला आता पहिल्यांदाच कळत होतं.

"आणि लोक काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"काय म्हणतले? होय म्हाराजा म्हणाले."

"सगळे?"

"सगळे," धोंडू म्हणाला. मग थोडं थांबून, आवाज खाली आणून तो म्हणाला, "पण सगळ्यांत मोठ्यान सुभद्रावैनी."